प्रतिवादी क्रमांक तीन

वकीलबाई म्हणाल्या, कंपनीनं दिवाळं काढलंय,
तिच्याकडून आता खेकड्याची नांगीसुद्धा सुटायची नाही.
गिल्बेर कुठंतरी पश्चिमेला, तेलविहिरींवर.
दोघांची नावं अर्जात आहेत, असू देत.
पण अजून एक घालता येईल.
सोमवारपर्यंत.

मग त्यांनी शिफ्टची वही माझ्यासमोर सरकवली.
निळा पुठ्ठा, मिठाच्या पाण्यानं फुगलेला कोपरा.

चौदा मे. थंडखोली. एल. रडत बाहेर आली.
एकोणतीस मे. थंडखोली. पुन्हा.
सात जून. जी.ला दुसऱ्या लाइनवर हलवायला हवं.

आठ जून. खेकडे, चार हजार दोनशे किलो.

एल. म्हणजे मी, लुदिविना.
अक्षर ओळखलंस का, बाई विचारतात.
न ओळखायला काय झालं?
हेच अक्षर माझ्या खिडकीतल्या बरणीवर आहे,
ब्लूबेरी, ऑगस्ट,
साखर कमी, तुझ्यासाठी.

एदविज.
एकतीस सीझन त्या लाइनवर काढलेली,
बोटांची पेरं गाजरासारखी सुजलेली,
तरी माझ्या हातमोज्यांत लोकर भरून द्यायची.
म्हणाली होती, मोठ्या मापाचा एप्रन घालत जा.
म्हणाली होती, सहाच आठवडे राहिलेत, पोरी,
मग तू तुझ्या गावी, तो त्याच्या.
मला वाटलं ही माया आहे.
मायाच होती.
तीच तर अडचण आहे.

आणि पहिल्याच दिवशी, कामाच्याही आधी,
तिनं मला थंडखोलीचं दार दाखवलं होतं.
आतून अडकलीस तर घाबरायचं नाही,
खिट्टी वर उचलायची आणि खांदा लावायचा.
तेव्हा मी हसले होते.
एवढं साधं दार, आणि दोनदा करून दाखवतेय.
कुणी शिकवलं होतं तिला,
हे मी विचारलं नाही.
आता विचारायचं तर
आयोगासमोर विचारावं लागेल,
आणि प्रश्न वकीलबाई विचारतील.

बाई म्हणतात, हे सुडासाठी नाही.
ज्याला माहीत होतं, ज्याच्या हातात शिफ्ट बदलणं होतं,
त्याचं नाव आलं नाही तर
वहीसुद्धा नुसती वहीच राहते.
त्या बरोबर बोलतात. त्या नेहमी बरोबरच बोलतात.
त्यांच्या टेबलावर कागदी रुमालांचा डबा असतो,
मी बोलू लागले की तो हळूच माझ्याकडे सरकतो.

अर्जात चौकट आहे. पूर्ण नाव.
मायए असं म्हणतात, पण शेवटी एक टी आहे.
या गावात अर्ध्या नावांच्या शेवटी असलं अक्षर असतं,
लिहायचं, म्हणायचं नाही.
मला पहिल्या वर्षी फार हसू यायचं त्याचं.
टी लिहिताना पेन अडलं.
वहीत लिहिलंस ना, एदविज.
तेवढं तरी लिहिलंस.

पुढची चौकट. पत्ता.
बाई फोनवर शोधू लागल्या.
म्हटलं, राहू द्या, मला पाठ आहे.
नाताळात दोनदा जेवलेय मी तिथं,
बटाट्याचे राखाडी गोळे, आत खारं डुकराचं मांस,
मला आवडले नव्हते आणि मी तिसरा मागून घेतला होता.
धक्क्याच्या रस्त्यावर, पिवळं घर, नंबर अठरा.

शेवटी थोडी कोरी जागा होती.
नोटीस नेणाऱ्यासाठी काही सूचना असल्यास.
बाकी साऱ्यांनी ती कोरीच सोडली असेल.
मी लिहिलं:

कुत्रं म्हातारं आहे, भुंकतं, चावत नाही.
सकाळी जाऊ नका, गुडघ्यांमुळे तिला उठायला वेळ लागतो.
फाटक अडकतं.
वर उचला आणि खांदा लावा.